दोन लहान पोरं, आई आणि आम्ही दोघं: बेळगावातून रेल्वेनं एका दिवसात कुठं जाऊन यावं?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो, घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून चालत पाच मिनिटं. थोरली पोरगी ७ वर्षांची, मराठी शाळेत दुसरीला. धाकटा साडेतीनचा. सोबत आई (वय ६८, गुडघे दुखतात पण कबूल करत नाही) आणि बायको. घरात वाहन म्हणजे एक मोटरसायकल. तिच्यावर पाच जण बसवायचे दिवस गेले.

धाकट्याला रेल्वेचं वेड आहे. रोज संध्याकाळी कामावरून आलो की हात धुवायच्या आधी त्याला गेटावर न्यावं लागतं. गेट पडलं की लोक शिव्या घालतात, हा टाळ्या वाजवतो. माझ्या माहितीत अख्ख्या बेळगावात गेट पडल्याचा आनंद होणारा हा एकटाच माणूस. पण आजवर एकदाही रेल्वेत बसलेला नाही. दसऱ्याच्या सुट्टीत बसवतो म्हणून शब्द देऊन बसलोय. आता सुट्टी लागली आणि पोरगी रोज सकाळी विचारते, "बाबा, कधी?"

माझ्या डोक्यात गोकाकचा धबधबा आहे. सकाळी रेल्वेनं जायचं, धबधबा बघायचा, तिथली मिठाई करदंट घ्यायची, संध्याकाळी परत. जमलं तर येताना हिडकल धरण. बायको म्हणते, "एवढं सगळं पोरांना घेऊन? तुम्ही कधी त्यांना दिवसभर सांभाळलायसा काय?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून इथं विचारतोय.

१. गोकाकला रेल्वेनं जायचं तर कुठल्या स्टेशनला उतरायचं? नकाशात गोकाक रोड दिसतंय, तेच ना?
२. पोरगीचं तिकीट किती, धाकट्याचं लागतं का?
३. धाकट्याला बसमध्ये गाडी लागते. रेल्वेत लागते का?
४. खर्च बेताचा हवा.

ताईची पोरंही न्यायची होती, पण ती चंदगडला. त्यांना सुट्टी दिवाळीची, आमच्यांना दसऱ्याची. दहा-बारा कोसांवर राहून पोरांची गाठ पडायची ती मे महिन्यातच.

रविवारचा राजा

व्हॅन भाड्यानं घ्या की. सकाळी दारात, संध्याकाळी दारात. कशाला पोरांना त्रास?

उद्यमबागवाला

राजेसाहेब, पोराला रेल्वे पाहिजे, धबधबा मला पाहिजे. व्हॅन आणली तर ती बघून रडेल तो.

लोंढ्याचे मामा

उद्यमबागवाले, सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यातली बरीच लोंढ्याला. ही लाईन मीटरगेज होती तेव्हापासून बघतोय, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी गोकाक रोड. स्टेशनच्या नावापुढं 'रोड' दिसलं की समजायचं, गाव इथं नाही, गावाला जाणारा रस्ता इथं आहे. गोकाक रोड तसंच, चिकोडी रोडही तसंच. चिकोडीचं तिकीट काढून चिकोडी रोडला सामानासकट उतरून "गाव कुठाय?" म्हणून विचारणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघितली आहेत. धबधब्याला जायचंच असेल तर सरळ घटप्रभेला उतरा. मोठं स्टेशन आहे, बाहेर बस, टेम्पो, रिक्षा मिळतात. पण मग हिशेब करा. बेळगाव सोडलं की सांबरा, सुळेभावी, सुलदाळ, पाच्छापूर, गोकाक रोड आणि मग घटप्रभा. तिथून पुढं दुसरं वाहन. तेवढंच सगळं परत. साडेतीन वर्षांच्या पोराला रेल्वेची हौस पहिल्या अर्ध्या तासात फिटते. त्यानंतर त्याला तुमच्या मांडीवरून खाली उतरायचं असतं, आणि पॅसेंजरच्या डब्यात खाली काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

तिकिटाचं सोपं आहे. पाच वर्षांच्या आत फुकट, पाच ते बारा अर्धं. हे जनरल डब्याचं झालं. रिझर्व्हेशन करून पोराला वेगळी जागा घेतली तर २०१६ पासून पूर्ण भाडं लागतं. एवढ्याशा प्रवासाला रिझर्व्हेशन कशाला?

माझं ऐका, उलटीकडं जावा. खानापूर. मधे फक्त देसूर आणि इदलहोंड. अर्धा-पाऊण तासात पोहोचता. स्टेशनबाहेर रिक्षा करून असोग्याला जावा, मलप्रभेच्या काठी रामलिंगाचं देऊळ आहे, झाडी आहे, शिदोरी सोडायला जागा आहे. येताना रेल्वेची वाट बघू नका, खानापुरातून बेळगावला बस चिक्कार, ती तुम्हाला टिळकवाडीतच सोडेल.

आणि खरी गंमत वेगळीच आहे. बेळगाव स्टेशन सोडून गाडी खानापूरकडं निघाली की लगेच पहिलं गेट, मग दुसरं, मग तिसरं. म्हणजे तुमचा पोरगा रोज जिथं उभा राहतो तिथूनच जाणार. घरातल्या कुणाला तरी त्या वेळेला गेटावर उभं करा. खिडकी कुठल्याही बाजूची मिळो, गेटाला दोन्हीकडं माणसं असतात, फक्त तो कुठल्या बाजूला उभा राहणार हे आधी ठरवा. घटप्रभेकडं गेलात तर गाडी उलटीकडं जाते, हे काहीच दिसणार नाही.

गाडी लागण्याचं म्हणाल तर रेल्वेत सहसा लागत नाही. आणि डब्यात संडास असतो, हे पोरंवाल्यांनी कधी विसरू नये.

उद्यमबागवाला

मामा, पाया पडतो. गेटाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रोज तिथं उभा राहतो मी!

पण खानापूर म्हणजे... बायकोला सांगितलं तर म्हणाली, "खानापूरला काय बघायचं? माझ्या मावशीचं घर?" थोडी समजूत काढावी लागेल.

शहापूरची अक्का

बायकोला म्हणावं, मावशीच्या घरी चहा मिळतो, धबधब्याला मिळत नाही. 😀

मी बसचं सांगते, कारण येताना तुम्ही बसनं येणार आणि खरी परीक्षा येतानाच असते. जाताना पोरं देवासारखी असतात.

माझं माहेर गडहिंग्लज. लग्न होऊन इथं आले तेव्हा कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, आताही बोलता येतं, वाचताना मात्र अडखळते. माझा मुलगा चारचा असताना बहिणीकडं हुक्केरीला निघाले होते. स्टँडवर तुफान गर्दी. बस लागली, बोर्डावर पहिलं अक्षर बघितलं, 'हु'. म्हटलं, हुक्केरी! सगळे करतात तसं केलं, खिडकीतून आधी रुमाल टाकला, मग पिशवी टाकली आणि मग पोरगा आत सोडला, "सीटवर आडवा पड रे, कुणाला बसू देऊ नको." आणि मी दाराकडं पळाले. दारात एवढी रेटारेटी की पायरीवर पाय ठेवेना. शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारलं, "हुक्केरीच ना?" तो म्हणाला, "अक्का, हुबळी!" माझ्या हातापायातलं बळ गेलं. पोरगा आत सीटवर आडवा, दोन्ही हात पसरून, एका म्हाताऱ्याला सांगतोय, "आई येऊलाली, बसू नका." बस अजून उभी होती म्हणून बरं. त्या कॉलेजच्या पोरानंच खिडकीतून परत बाहेर काढून दिला. पिशवी पण दिली. रुमाल गेला हुबळीला.

तेव्हापासून बोर्डावर विश्वास नाही. दोन माणसांना विचारते, त्यातला एक तरी खाकीवाला असला पाहिजे. आणि पोरगा आत आणि आपण बाहेर, हे कधीच नाही. सीट गेली तर गेली.

गाडी लागणाऱ्या पोरासाठी: उपाशी नेऊ नका आणि गच्च खाऊही घालू नका. घरातनं निघताना थोडा दहीभात. पुढच्या बाजूची सीट, चाकावरची नको. खाली मान घालून मोबाईल बघू देऊ नका, बाहेर लांबचं झाड दाखवा. तोंडात आलेपाकाचा बारका तुकडा. पोरांना तिखट लागतो, तरी चघळतात. प्लास्टिकच्या पिशव्या दोन, आधी फुंकून बघा, भोक असतं. (कसं कळलं ते विचारू नका.)

पोराच्या हातावर पेननं तुमचा फोन नंबर लिहा. चिठ्ठी खिशात ठेवली तर तो तिचं विमान करतो.

आता पैशाचं. २०२३ च्या जूनपासून आपल्याकडं शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही. शून्याचं तिकीट फाडून देतात, तेवढं जपून ठेवायचं. तुमच्या आई, बायको, मुलगी, तिघी त्यात बसतात. धाकटा सहाच्या आत, म्हणजे तोही फुकट. पण कर्नाटकातल्या पत्त्याचं आधार कार्ड किंवा तसं दुसरं सरकारी ओळखपत्र पाहिजेच. बायकोला दोनदा आठवण करा. आम्ही पर्स बदलतो आणि कार्ड जुन्या पर्समध्ये राहतं.

आणि पौर्णिमा बघून निघा. सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा असली की स्टँडवर उभं राहायला जागा नसते. मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असते.

उद्यमबागवाला

अक्का, म्हणजे अख्ख्या घरात तिकीट माझं एकट्याचं. आणि माझ्या अनुभवानं सांगतो, उभा राहणारा पण मीच.

निपाणीकर

विषय निघालाच आहे तर सीमेवरची एक गंमत सांगतो. आम्ही पोरांना घेऊन कोल्हापूरला रंकाळ्यावर जातो. माझी पोरगी साडेपाचची. कर्नाटकाच्या बसचा नियम सहा वर्षांपर्यंत फुकट, महाराष्ट्राच्या लालपरीचा पाचपर्यंत. म्हणजे तीच पोरगी एका गाडीत बाळ, दुसऱ्या गाडीत हाफ तिकीट. बायकोचंही तसंच. शक्ती फक्त कर्नाटकात, राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीत चालत नाही. तिकडची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतली. मधल्या चार-पाच मैलांसाठी कुणाचा कायदा लागतो ते कंडक्टरलाच विचारावं लागतं, आणि तो मशीनकडं बघतो.

सीमाप्रश्न तापला की गाड्या कोगनोळीच्या पुढं जात नाहीत. तेव्हा पोरांना घेऊन निघायच्या आधी सकाळचा पेपर बघायचा. १ नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस) तर बेळगावात कुठंच निघू नका, मिरवणुका, बंद, सगळं एकाच दिवशी. पोरांसाठी तो दिवस घरात कॅरम खेळायचा.

खानापूर उत्तम. गोकाक जुलै-ऑगस्टमध्ये करा, तेव्हा पाण्याला जोर असतो. एकशे सत्तर फुटांवरनं घटप्रभा पडताना बघायची म्हणजे पावसातच. पण साडेतीनचं पोरगं नको, तिथले खडक शेवाळलेले असतात आणि पोरांना कडेलाच जायचं असतं. मी एकदा नेलं होतं. धबधबा मी बघितलाच नाही, दोन तास फक्त पोरांच्या कॉलरी धरून उभा होतो. झुलता पूल दाखवतो असं आधी चुकूनही कबूल करू नका. त्या दिवशी सोडत नसले की जे भोकाड पसरतात ते धबधब्यापेक्षा मोठं.

उद्यमबागवाला

जाऊन आलो! काल. सगळं सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढलात.

आईनं स्टेशनवर एक तास आधी नेलं. तिच्या लेखी रेल्वे म्हणजे मीटरगेजचीच, "कधी येईल कधी जाईल सांगता येत नाही." नवीन स्टेशन बघून तिला विमानतळावर आल्यासारखं वाटलं, चपला काढायच्या का विचारत होती. तो एक तास धाकट्यानं फलाटावर सुखात काढला. मालगाडी गेली, तिचे डबे पोरगीनं मोजले, त्याच्या हातातला चिरमुऱ्याचा पुडा सांडला, कावळे आले.

गाडी आली. चढलो. खिडकी मिळाली. माझा मुलगा खिडकीत बसला, बाहेर बघितलं, आत बघितलं, बाकडं बघितलं, पंखा बघितला. गाडी हलली. आणि त्याचा चेहरा पडला. ओठ थरथरायला लागले. मी घाबरलो, म्हटलं गाडी लागली. पिशवी काढली. तो म्हणाला,

"बाबा, रेल्वे कुठाय?"

मी म्हटलं, "अरे, ही काय, रेल्वेतच बसलोय की आपण."

"नाही. रेल्वे दिसत नाही."

बरोबरच होतं त्याचं. रोज तो समोरून जाणारी लांबलचक निळी रेल्वे बघतो, धडधड ऐकतो. आत बसल्यावर रेल्वे कुठून दिसणार? आत दिसतात माणसं, पिशव्या आणि शेजारच्या बाईंची परडी. मी समजावून सांगायला लागलो आणि जेवढं सांगितलं तेवढा तो जोरात रडायला लागला. समोरचे आजोबा म्हणाले, "काय गा, पोराला कशाला रडवूलालास?" बायको माझ्याकडं बघत होती. त्या नजरेचं भाषांतर करत नाही.

तेवढ्यात पहिलं गेट गेलं. पोरगी ओरडली, "आता आपलं गेट!" मी त्याला उचलून खिडकीच्या गजांना नाक लावून धरलं. मामा, तुम्ही सांगितलं तसं भावाला मोटरसायकल देऊन उभा केला होता, हातात पोरगीची लाल ओढणी. आणि ते एका क्षणात येऊन गेलं. गेट पडलेलं, मागं रिक्षा, दुधाच्या कॅनवाला, दोन शाळेच्या पोरी सायकलवर, आणि पुढं भाऊ, ओढणी गरागरा फिरवतोय, शेजारचा माणूस त्याच्याकडं वेड्यासारखा बघतोय.

धाकट्याचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. गाडी पुढं गेली तरी तो मागं मान वळवून बघत होता. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला,

"काका गेटात अडकला."

आणि मग हसायला लागला तो खानापूर येईपर्यंत. मधे देसूरला गाडी थांबली तर उभा राहून सगळ्या डब्याला सांगत होता, "आमचा काका अडकलाय! आम्ही नाही!" आजोबांनी त्याला पेरू दिला.

असोग्याचं थोडक्यात सांगतो. रिक्षावाल्याशी जायचं-यायचं आधीच ठरवून घेतलं. देऊळ शांत. नदीला अजून बऱ्यापैकी पाणी होतं, म्हणून पोरांना पायरीच्या खाली उतरू दिलं नाही. पोरगीच्या पुस्तकात मलप्रभा आहे, तिनं आजीला सांगितलं की ही कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. आई म्हणाली, "मिळू दे, आधी पाय बुडवू दे मला." पाय पाण्यात सोडून ती अर्धा तास गप्प बसली होती. गुडघ्यांचं नाव नाही. धाकट्याची एक चप्पल तेवढ्यात पाण्यात गेली. ती तरंगत वळणापर्यंत गेलेली दिसली, पोरगी म्हणाली, "आता तीपण कृष्णेला मिळणार." जेवण म्हणजे भाकरी, झुणका, शेंगाची चटणी, दहीभात. मुंग्यांनाही पुरलं.

तिथून खानापुरात. आईला पणत्या घ्यायच्या होत्या. खानापूरची माती चांगली, इथली भांडी-कौलं तिच्या लहानपणापासून तिला माहीत. तीन डझन पणत्या तिनं एकेक टिचकी मारून, आवाज ऐकून निवडल्या. मी एका पायात चप्पल असलेलं पोरगं कडेवर घेऊन उन्हात उभा. माझ्या लेथवरही एवढी तपासणी होत नाही. मावशीकडं चहा झाला. (बायकोनं "मावशीचं घरच बघायला आलो शेवटी" असं दोनदा म्हणून घेतलं.)

आता बस. अक्का, तुमची हुक्केरी-हुबळी पोरगीला आधीच वाचून दाखवली होती. त्यामुळं स्टँडवर पोचल्यापासून ती ठाण मांडून प्रत्येक बोर्ड वाचत होती. शाळेत कन्नड आहे तिला, पण अजून अक्षर जोडत वाचते. एक बस आली, ती बोट ठेवून वाचायला लागली. "खा... ना..." मग थांबली, तोंड वळवून आजीला म्हणाली, "आजी, बसवर 'खाना' लिहिलंय!" आई म्हणाली, "मग चढ की!" पुढं 'पुर' आलं, मग 'बेळगावि' आलं, तेव्हा कुठं आम्ही चढलो. तरी मी खाकीवाल्याला विचारलंच.

कंडक्टरनं पोरगीकडं बघून मला विचारलं, "बेबीगे एष्ट वर्षरी?" मी उत्तर द्यायच्या आधी ती म्हणाली, "एळु!" सात. कंडक्टर खूश, मशीनमधून शून्याचं तिकीट काढून तिच्याच हातात दिलं. आईनं बटव्यातून आधार काढलं, दोरा गुंडाळलेलं, प्लास्टिकमध्ये. तिलाही शून्य. मग बायकोनं पर्स उघडली. बराच वेळ उघडीच होती.

अक्का, दोनदा आठवण केली होती हो. देवाशप्पथ.

जुन्या पर्समध्ये राहिलं. मग दोन पूर्ण तिकिटं, तिचं आणि माझं. ती मला म्हणाली, "बघा, आज तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून." मी काही बोललो नाही.

जागा मिळाली ती मागं, चाकावर. म्हणजे अक्कांनी जे करू नका म्हटलं तेच. धाकट्याच्या तोंडात आलेपाक घातला, तो थुंकून त्यानं माझ्या खिशात ठेवला. मच्छेच्या अलीकडं त्याचा रंग पांढरा झाला. पिशवी तयारच होती, फुंकून तपासलेली. पण त्याला झोप लागली आणि पिरनवाडी, उद्यमबाग सगळं झोपेत गेलं. आमच्या कारखान्यासमोरून बस गेली तेव्हा मी एकटा जागा होतो. सुट्टीच्या दिवशी ते दार बंद बघायला वेगळंच वाटलं. आरपीडी क्रॉसला उतरलो. पणत्यांतल्या दोन फुटल्या. आई म्हणते, त्या आधीच तडकलेल्या होत्या, टिचकी नीट मारली नव्हती.

राजेसाहेब, हिशेब लिहित नाही, पण व्हॅनवाल्यानं सांगितलेल्या आकड्यात आम्ही असे चार रविवार काढू, आणि एक चप्पलजोड पण येईल.

मामा, तुम्हाला एक विचारायचं होतं. आज संध्याकाळी नेहमीप्रमाणं गेटावर गेलो. आधी तो फक्त इंजिन बघायचा. आज गाडी आली तर इंजिनाकडं बघितलंच नाही, खिडक्या बघत होता, एकेक डबा, आणि दोन्ही हात वर करून ओरडत होता, "आम्ही अडकलोय!" गाडी गेल्यावर गेट वर गेलं, तशी त्याची नजर गेटवाल्यांच्या खोलीकडं गेली. आता घरी आल्यापासून एकच धोशा आहे: हे काका रेल्वेत कधी बसतात, आणि ते बसले की गेट कोण पाडतं? मला उत्तर येत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर बरं होईल, त्यानं खुद्द त्यांनाच विचारायचं ठरवलंय.